कुडतरीतला नाताळ, १९५२

पाकीट घरीच राहू द्या. तुम्ही जिथे निघालात तिथे तुमची नोट म्हणजे नुसता कागद, आणि फोनला रेंज मिळायला अजून जवळजवळ अर्धं शतक जायचं आहे. तिथे रुपिया चालतो, सोळा तांगांचा एक. तो तुमच्याजवळ असण्याचं कारण नाही, आणि नसला तरी काही अडणार नाही. उद्या मध्यरात्री नाताळ आहे, आणि ज्या घरात तुम्ही उतरणार आहात तिथे कोणी कोणासाठी काहीही विकत आणलेलं नाही.

तारीख २३ डिसेंबर १९५२, मंगळवार. दुपार टळलेली. गाव कुडतरी, तालुका साष्टी, राज्य पोर्तुगीजांचं. पावसाळ्यातल्या भाताची मळणी होऊन गेलीय, आणि तळ्याच्या पाण्यावर वायंगण शेतीची तयारी सुरू झालीय. ह्या गावाला साष्टीचं कोठार म्हणतात ते उगीच नाही. पायवाटेवर ताज्या पेंढ्याचा वास आहे. त्या वासातून चालत तुम्ही एका चिऱ्याच्या, गावठी कौलांच्या घरापाशी येता. दारात दोन्ही बाजूंना बसायला सोपे, आत शेणाने सारवलेली जमीन.

हे घर मी मुद्दाम निवडलंय. घरचा कर्ता तारवटी आहे, बोटीवर स्वयंपाकी. इतर वर्षी डिसेंबरात मुंबईला उतरला की तो आपल्या गावच्या कुडात, म्हणजे तिथल्या गावकऱ्यांच्या वसतिगृहात, रात्र काढतो आणि मग ट्रंक घेऊन गावी येतो. ट्रंकेत बिस्किटांचे पत्र्याचे डबे, फ्रॉकचं कापड, कधी डोळे मिटणारी बाहुली. यंदा ट्रंक नाही. पत्र आलं की बोट लांबच्या फेरीवर गेली, नाताळ समुद्रातच. मनीऑर्डर आली ती दुकानदाराची उधारी फेडण्यात आणि पावसाने फुटलेली कौलं बदलण्यात संपली. म्हणजे ह्या घराला यंदा नाताळ रिकाम्या हातांनी करायचा आहे. तो ते कसा करतात ते तुम्ही जवळून बघावं असं मला मनापासून वाटतं.

"यो, बस," म्हणत शामाय बाहेर येते. शामाय म्हणजे आजी. तुमच्या हातात काही नाही हे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिने पाहिलं ते तुमचे दंड. आत चुलीवर तांब्याची मोठी कढई चढलीय आणि तिला ढवळायला माणूस हवंय.

बसा चुलीपुढे. कढईत तांदळाचं पीठ, नारळाचं दाट दूध आणि माडाचा काळा गूळ. हा दोदोल. नारळ परसातले, तांदूळ ह्याच हंगामातले, गूळ माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराकडचा. सुरुवातीला उलथणं सहज फिरतं आणि तुम्हाला वाटतं, एवढंच ना. पाऊण तासाने कढईतला पदार्थ उलथण्याला धरून बसतो. क्षणभर हात थांबला तर तळाला लागलाच, आणि तळाला लागलेला दोदोल कोणाच्या ताटात घालता येत नाही. धुराने डोळे चुरचुरतात, खांदा भरून येतो. तुमच्या हातातून उलथणं थोरली मुलगी घेते, तिच्याकडून तिची आई, आईकडून शेजारची बाई, आणि पुन्हा तुमच्याकडे. काळोख पडायला लागतो तेव्हा कुठे तो कडा सोडू लागतो. कडेने तेल सुटतं, वर काळी चकाकी येते, उलथण्याबरोबर सगळा गोळा एकदम फिरतो. मग केळीच्या पानाने तूप फिरवलेल्या ताटात तो ओततात. उद्या गार झाल्यावर वड्या पडतील.

इथे थोडं थांबून एक गोष्ट नीट पाहा. पैसे खर्च झाले नाहीत हे खरं, पण हा नाताळ फुकट झालेला नाही. त्याची किंमत बायकांच्या पाठीने मोजलीय. पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे त्याच आहेत. पुरुष नारळ सोलतात, डुकराच्या मांसाचे वाटे करतात, सारपतेलासाठी माडाचं व्हिनेगर आणून देतात आणि सोप्यावर जाऊन बसतात. जुन्या काळच्या साध्या सणांचं कौतुक करणारे लोक हा भाग गाळतात. तुमच्या घरी बिनखर्चाचा नाताळ करायचा असेल तर आधी उलथण्याच्या पाळ्या ठरवा. पाळ्यांत सगळे हवेत, बाप आणि मुलगेसुद्धा.

कढई उतरते तोवर देवळाची, म्हणजे इथल्या चर्चची, सांजेची घंटा होते. हातातलं काम तिथेच थांबतं. घर अल्तारपुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे, गोळा होतं, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हटली जाते, आणि ती संपल्यावर जे घडतं ते तुम्ही पूर्वी कुठे पाहिलेलं नसेल. सगळ्यांत धाकटा शामायपुढे हात जोडून उभा राहतो आणि म्हणतो, "बेसांव दी." आशीर्वाद दे. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवते. मग तो शापायकडे, म्हणजे आजोबांकडे जातो, मग आईकडे, मग चुलतीकडे, आणि मग आपल्याहून दोनच वर्षांनी मोठ्या बहिणीकडेही. ती अकरा वर्षांची मुलगी गंभीर चेहऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवते. हे रोजचं आहे, सणापुरतं नाही. घरातला प्रत्येक माणूस रोज संध्याकाळी कोणाकडून तरी काही मागतो आणि कोणाला तरी काही देतो, आणि त्यासाठी तिजोरीकडे जावं लागत नाही. तुम्हीही पुढे व्हा. पाहुण्यालाही बेसांव मिळतो. शामायच्या तळव्याला गुळाचा आणि धुराचा वास येतोय.

रात्री दिव्याच्या उजेडात कुलकुल वळायला वाड्यातल्या बायका येतात. काल त्या पलीकडच्या घरी होत्या, उद्या सकाळी तिसऱ्या घरी जातील. मैदा, अंडं आणि नारळाच्या दुधाचा गोळा, त्यातून सुपारीएवढा तुकडा घ्यायचा, काट्याच्या पाठीवर दाबायचा आणि गुंडाळायचा. काटे घरात तीनच. म्हणून काहीजणी कोऱ्या फणीवर वळतात, रेघा तिच्याच जास्त चांगल्या उठतात. ह्यात साखर आणि मैदा तेवढा दुकानातला. नेवऱ्या तुम्हाला ओळखू येतील, आपली करंजीच ती. कातण फिरवायची पद्धतही तीच.

पोरांचं काम बाहेर चाललंय. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी करवंट्यांत माती घालून नाचणी पेरली होती, आता ती वीतभर उगवलीय. ते गोठ्याचं कुरण. विहिरीच्या दगडांवरचं शेवाळ खरवडून डोंगर झाला, नव्या पेंढ्याचं छप्पर झालं. मातीच्या मूर्ती शापायच्या लहानपणापासूनच्या, गाईचं एक शिंग कधीचंच गेलंय. गव्हाण रिकामी आहे. बाळ येशू अल्तारच्या खणात आहे, तो मध्यरात्रीनंतर येईल. शापाय वेळूच्या काड्यांचं नक्षत्र बांधतोय. कागद फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, माळांतून उरलेला, चिकटवायला भाताची शितं, आत लावायला चर्चमधून आणलेलं मेणबत्तीचं थोटूक.

गोठा मांडण्याची ही रीत संत फ्रान्सिसपासून रुजली असं मानतात. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या डोंगरी गावात त्याने गवत घातलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव आणून नाताळची रात्र साजरी केली. त्याने तर पैशाला हातही न लावण्याचं व्रत घेतलं होतं. कुडतरीच्या ह्या पोरांना हे कोणी सांगितलेलं नाही, पण साहित्य त्यांनी जवळजवळ तेच जमवलंय.

दुसरा दिवस, २४ तारीख. आज मांस वर्ज्य. दुपारी पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर. सकाळी शामायचा निरोप घेऊन थोरली मुलगी जरा दूरच्या एका मोठ्या घरी जाते, तुम्हीही तिच्याबरोबर जा. शिंपल्यांच्या खिडक्या, लांबलचक व्हरांडा, भाटकाराचं घर. मागच्या अंगणात मुंडकारांच्या बायका तांदूळ कांडतायत. त्या भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहतात, म्हणून सणाआधी हे काम त्यांनी करायचं असतं. मजुरी नाही. जाताना त्यांना ताटातलं गोड मिळेल. पैसे इथेही हात बदलत नाहीत, पण ह्याला भेट म्हणायला माझी जीभ वळत नाही. ही वेठ आहे. घरातून काढलं जाणार नाही एवढी खात्रीसुद्धा ह्या बायकांना कायद्याने मिळायला अजून कित्येक वर्षं जावी लागतील. भेट तीच, जी दिली नाही तरी देणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर जात नाही. ही एवढी कसोटी मनाशी ठेवा आणि परत चला.

दुपारी घरात आणखी एक गोष्ट पूर्ण होते. थोरलीसाठी आईने आपल्या जुन्या फ्रॉकमधून नवा बेतलाय. कॉलरला क्रोशाची पट्टी लावलीय, ती थोरलीनेच महिनाभर विणलेली. म्हणजे तिच्या भेटीत तिचाही हात आहे. आता धाकट्याकडे बघा. तो सकाळपासून जेवलेला नाही म्हटलं तरी चालेल. मागच्या दारी भिंतीकडे तोंड करून तो व्हायोलिनवर तीच तीच ओळ घासतोय. व्हायोलिन त्याचं नाही. चर्चच्या शाळेत मेस्त्र मुलांना सुरावट वाचायला आणि वाद्य धरायला शिकवतो, फी घेत नाही, आणि वाद्यं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातात. आज हा पहिल्यांदा मोठ्यांबरोबर मिस्साला, म्हणजे मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, वाजवणार आहे.

ह्या शाळांबद्दल मला तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचंय. मराठी माणसाने ज्या सिनेमांची गाणी ऐकत दिवस काढले, त्यांच्या वाद्यवृंदांत बसलेले कितीतरी वादक गोव्यातल्या अशाच चर्चच्या शाळांतून आले. ह्याच साष्टीतल्या माजोर्ड्याला १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस आपल्या वडिलांकडे शिकले, आणि वडील गावच्या चर्चमधल्या गायकवादकांचे प्रमुख होते. पुढे मुंबईत त्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यातलं नाव ह्याच गुरूंचं, शिष्याने आपल्या चालीतून घेतलेलं. विकत घेतलेलं खेळणं पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकलं तरी खूप. धाकट्याला जे मिळालंय ते त्याच्या बोटांत राहील, आणि एक दिवस तो ते दुसऱ्या पोराला देईल.

रात्री साडेदहाला सगळं घर निघतं. शुद्धातल्या अष्टमीचा अर्धा चंद्र पश्चिमेला कललाय, मिस्सा संपेतो तो नसेल. म्हणून माडाच्या सुक्या झावळ्यांच्या चुडी बांधून घेतल्यात. चूड धरायची एक पद्धत आहे. आडवी हलवत राहिलं तर पेटते, नुसती धरली तर विझते. तुमच्या हातात एक दिलीय, ती हलवत चला, मागे म्हाताऱ्या आहेत. बांधाबांधांवरून आणखी चुडी येतायत, सगळ्या एकाच दिशेने. सांत आलेशचं चर्च, १५९७ सालचं, तळ्याच्या काठी उभं आहे.

आत मिस्सा लॅटिनमध्ये चाललाय, पाद्री अल्तारकडे तोंड करून उभा. शब्द कोणाला फारसे कळत नाहीत. तुम्हाला वर, दाराच्या डोक्यावर असलेल्या माडीकडे बघायचंय, जिथे वादक बसलेत. धाकट्याचं डोकं तेवढं कठड्यावरून दिसतंय. 'ग्लोरिया' सुरू होतो, अल्तारवरच्या लहान घंटा आणि बाहेरच्या मोठ्या घंटा एकदम वाजतात, आणि त्या दणक्यात पोराचं पहिलं वाक्य कोणालाच ऐकू येत नाही. शामायला विचाराल तर ती सांगेल, तिला आलं. मिस्सा संपल्यावर बाळ येशूचं चुंबन घ्यायला रांग लागते, आणि बाहेर अंगणात जो भेटेल तो "बोआस फेस्तास" म्हणून मिठी मारतो. तुम्हालाही.

घरी आल्यावर गव्हाणीत बाळ ठेवलं जातं. मग पहाटेपर्यंत कोणी झोपत नाही. सारपतेल आणि सुरेने फुगवलेली तांदळाची सान्नां बाहेर येतात. तीन दिवसांचं मुरलेलं सारपतेल, त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्ही खा.

खरी भेटवस्तूंची वेळ २५ तारखेच्या सकाळी. घरातल्या एकमेव मोठ्या जेवणमेजावर शामाय ताटं मांडते. प्रत्येक ताटात दोदोलच्या वड्या, नेवऱ्या, मूठभर कुलकुल, चण्याच्या डाळीचा आणि खोबऱ्याचा दोस, पेरूचं पेराद. वर क्रोशाचा पांढरा रुमाल. ह्याला कोन्सुआद म्हणतात. ही ताटं घरातल्या कोणासाठी नाहीत, ती बाहेर जाणार. आणि बाहेरून येणार. दुपारपर्यंत ह्या घरात आठ घरांचा दोदोल जमलेला असेल, आणि कोणाचा जास्त शिजला, कोणाचा गूळ यंदा हलका निघाला, ह्यावर शापाय रात्रीपर्यंत बोलेल.

पहिलं ताट कुठे जातं ते बघा. वाड्याच्या टोकाला एक घर आहे, तिथला बाप्या पावसाळ्यात गेला. त्या घरात यंदा चुलीवर कढई चढलेली नाही, दारावर नक्षत्र नाही. दुखवट्याच्या घरी गोड करत नाहीत. म्हणून ते बाकीच्या सगळ्यांनी पाठवायचं, आणि आधी तिथेच पाठवायचं. तुम्ही थोरलीबरोबर पोचता तेव्हा तिथल्या मेजावर पाच रुमाल आधीच पडलेत. काळ्या कपड्यांतली बाई रुमाल उचलते, एक नेवरी आपल्या लेकाच्या हातात देते. ताट रिकामं परत द्यायचं नाही. घरात तर गोडाचा कण केलेला नाही. ती मागच्या दारी जाते, आणि ताट परत येतं त्यात झाडावरची सहा लिंबं असतात.

दुसरं ताट वेगळं आहे. त्यात केळ्यांचा घड आणि दोन असोले नारळ. ते दुकानदाराच्या घरी, ज्याची उधारी नुकतीच फिटलीय त्याच्याच. हिंदू घर. दिवाळीला तिथून फोव, म्हणजे पोहे, आले होते, चवथीला नेवऱ्या. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजीला ख्रिस्ती घरचं शिजलेलं चालत नाही, म्हणून त्यांना कच्चं जातं. ही शिवाशिव मला सलते, आणि सललीच पाहिजे. पण त्या दोन म्हाताऱ्यांनी तिच्यातून काढलेली वाटही मी दुर्लक्षित करणार नाही. दुकानदाराची सून मात्र मागच्या दाराने थोरलीला हळूच विचारते, "दोदोल हाडूंक ना?" दोदोल आणला नाहीस? तिच्यासाठी पानात बांधलेल्या दोन वड्या थोरलीच्या खिशात आहेतच. दर वर्षी असतात.

परत येता तेव्हा शामाय शेवटचं ताट भरायला बसलीय. हे तुमचं. ती कामाचे प्रश्न विचारते आणि कोंकणीत विचारते, पण तुम्हाला सगळं कळतं. तुमच्या दारासमोर, तुमच्या जिन्यावर, तुमच्या वाड्यात घरं किती? तुम्ही मोजायला लागता. नावं ठाऊक असलेली मोजायची की नुसती दारं, असं तुम्ही विचारता. ती म्हणते, सगळी. मग विचारते, त्यांतल्या कोणाकडे ह्या वर्षी माणूस गेलं?

तुम्हाला सांगता येत नाही.

"मग आधी विचारून ये," शामाय म्हणते, आणि थोरलीला केळीचं आणखी एक पान कापायला पिटाळते. "तोवर मी वड्या मोजून ठेवते. त्या घरचं ताट सगळ्यांत आधी न्यायचं."